मोत्याला वन्स मोअर

शाळेच्या स्नेहसंमेलनात नटाची आई ओळखायला वेळ लागत नाही. मुलगा रंगमंचावर झाड झालेला असतो, त्याच्या वाट्याला वाक्य एकच आलेलं असतं, आणि ते त्याच्या तोंडून निघण्याआधी पहिल्या रांगेतल्या आईच्या ओठांवर उमटतं. अलीकडे ही आई, आणि तिच्याहून हौशी बाबा, दिवाणखान्यातही भेटू लागले आहेत. पाहुण्यांपुढे चहा आला की मोत्याला हाक जाते. ‘काकांना शेकहँड दे बघू.’ मोत्या पंजा देतो. ‘आता मावशीला.’ देतो. ‘अरे थांब, व्हिडिओ काढायचा राहिला. वन्स मोअर!’ यावर मोत्या तोंड फिरवतो, नाकावरून जीभ फिरवतो आणि लांबलचक जांभई देतो. सगळे हसतात. ‘झोप आली वाटतं साहेबांना!’

साहेबांना झोप आलेली नसते. प्रसंग अंगावर येऊ लागला की कुत्रा मान वळवतो, ओठ चाटतो, जांभई देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असा तिरपा पाहतो. गुरगुरणं आणि चावणं हे त्याच्या भाषेतले फार पुढचे शब्द. आधीचे शब्द कुणी ऐकलेच नाहीत म्हणून काढावे लागलेले.

आपल्या प्राण्याचं कौतुक व्हावं, यात गैर काही नाही. ‘आपला तो बाब्या’ हा न्याय चार पायांच्या बाब्यालाही लागू होतो. फरक इतकाच की, स्नेहसंमेलनातल्या झाडाला हे नाटक आहे एवढं तरी माहीत असतं. मोत्याला ते नसतं. त्याच्या लेखी ना प्रेक्षक, ना टाळ्या. समोर आपलं माणूस आहे, त्याच्या मुठीत पनीर आहे आणि काहीतरी केलं की ते मिळतं, इतकाच मामला. अभिमान सगळा माणसाचा. म्हणून अशा पालकाची जागा पहिल्या रांगेत नाही, विंगेत आहे. पडदा कधी पाडायचा, ते तिथून ठरतं.

प्राण्यांच्या खेळाचं अप्रूप महाराष्ट्राला नवं नाही. गुबगुबीच्या तालावर मान डोलावणारा नंदीबैल दारावर यायचा, दरवेशी अस्वल घेऊन यायचा, माकडवाल्याची माकडीण रुसून माहेरी जायची. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये सर्कस उभी केली. पुण्याचे दामू धोत्रे पुढे अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत वाघसिंहांना घेऊन रिंगणात उतरले. त्यांच्या आत्मकथनाचं नावच ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’. पण याच जगात अस्वलाच्या नाकात दोरीही ओवलेली असायची. केंद्र सरकारने १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद केले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. पिंजऱ्यातल्या राघूचंही तेच. भारतातले पोपट पाळणं, विकणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ‘आमचा मिठू शिवाजी महाराज की जय म्हणतो’ हा व्हिडिओ अभिमानाने टाकणारा माणूस स्वतःविरुद्धचा पुरावाच टाकत असतो. घरचा कलाकार म्हणून खऱ्या अर्थाने उरतात ते कुत्रा आणि मांजर.

शिकवणीला बसण्याआधी एका घोड्याची गोष्ट माहीत असावी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त गणित शिक्षकाचा हान्स हा घोडा बेरजा-वजाबाक्या करायचा, उत्तर खुराच्या टापांनी द्यायचा. १९०४ मध्ये जाणकारांच्या समितीने तपासलं, त्यांना लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने बारकाईने प्रयोग केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स हमखास चुकायचा. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित वर व्हायची आणि घोडा ती पाहून थांबायचा. १९०७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. घोड्याला गणित येत नव्हतं, माणूस वाचता येत होता. फॉन ओस्टेन यांनी कुणाला फसवलं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या त्या आईसारखे तेही नकळत ओठ हलवत होते.

घरोघरी हेच होतं. ‘आमच्याकडे सगळं ऐकतो, लोकांसमोरच काय होतं कळत नाही’ ही तक्रार असणाऱ्याने एकदा पाठ वळवून किंवा दाराआडून ‘बस’ म्हणून पाहावं. बहुतेक मोत्या उभेच राहतील. कारण ते शब्दावर बसत नव्हते. पुढे झुकलेले खांदे आणि खिशाकडे गेलेला हात पाहून बसत होते. त्यातून आई ‘बस’ म्हणते, बाबा ‘सिट’ म्हणतात, मुलगी ‘सिट डाऊन’ म्हणते आणि आजी ‘खाली बैस रे राजा’ म्हणते. घरात एक शब्द आणि एक हातखूण ठरवून टाकावी, कागदावर लिहून फ्रिजवर लावावी. कॅमेऱ्यासमोर जायचं असेल तर हातखूण जास्त महत्त्वाची. संवादाचं ध्वनिमुद्रण चालू असताना मालकाला तोंड उघडता येत नाही.

शिकवण्याचं तंत्र तसं साधं आहे, फक्त वेळ साधावी लागते. हवी ती हालचाल झाली की त्याच क्षणी ती ‘टिपायची’ आणि लगेच बक्षीस द्यायचं. टिपण्यासाठी टिकटिक वाजणारा क्लिकर मिळतो; नसेल तर ‘येस’सारखा एक छोटा शब्द चालतो, मात्र तो नेहमी एकच आणि एकाच सुरात हवा. डॉल्फिनना शिकवणाऱ्यांना हे आधी उमगलं, कारण पाण्यातल्या डॉल्फिनचा पट्टा ओढता येत नाही की त्याला चापट मारता येत नाही. कॅरेन प्रायर या डॉल्फिन प्रशिक्षिकेने १९८४ मध्ये या पद्धतीवर पुस्तक लिहिलं आणि पुढे ती कुत्र्यांच्या शिकवणीत रुजली. बक्षिसाचा तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरे. उकडलेलं चिकन, पनीर, उकडलेलं अंडं चालतं. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण नाही. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम तर अजिबात नाही, ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. बक्षिसांचं खाणं दिवसाच्या एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावं, नाहीतर कलाकाराच्या आधी त्याचं पोट पडद्यावर येतं. शिकवणी चार-पाच मिनिटांची, दिवसातून दोनतीनदा. आणि ती थांबवायची प्राण्याला अजून हवीशी असताना. गायकाने रंगलेली मैफल संपवावी तशी.

काय शिकवायचं, हे ठरवताना मात्र हौशी पालक चुकतो. त्याने कुठेतरी कुत्रा मागच्या पायांवर चालताना पाहिलेला असतो. मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर उड्या आणि दोन पायांवरच्या कसरती म्हणजे पुढच्या सांधेदुखीची पेरणी. शिवाय प्रत्येक प्राण्याचा स्वतःचा असा एक कल असतो, त्याविरुद्ध फार काळ जाता येत नाही. अमेरिकेतल्या केलर आणि मॅरियन ब्रेलंड या दांपत्याने हे कबूल केलं. ३८ जातींच्या सहा हजारांहून अधिक प्राण्यांना शिकवून झाल्यावर १९६१ मध्ये त्यांनी लेख लिहिला तो आपल्या फसलेल्या प्रयोगांवर! त्यांच्या रॅकूनला डब्यात नाणी टाकायची होती. एक नाणं तो टाकायचा, पण दोन हातात आली की कंजूष सावकारासारखा एकमेकांवर घासत बसायचा, कारण रॅकून अन्न असंच हाताळतो. डुकराने लाकडी नाणं गल्ल्यापर्यंत न्यायचं होतं. काही आठवड्यांनी ते वाटेतच टाकून नाकाने उकरू लागलं. भुकेलं ठेवून पाहिलं तर हे प्रकार वाढलेच.

उलट, प्राण्याच्या कलाने गेलेले कलाकार टिकतात. मॉस्कोत १९९० मध्ये मांजरांचं नाट्यगृह काढणारे विदूषक युरी कुक्लाचेव यांचा गाजलेला खेळ म्हणजे स्वयंपाकी आणि पातेल्यातून पुन्हा पुन्हा डोकं काढणारं मांजर. त्यांच्या घरचं मांजर पातेल्यात जाऊन बसायचं आणि निघायला तयार नसायचं. त्यांनी तेवढंच उचललं आणि त्याचा प्रवेश केला. आपल्या मांजराला पंजा द्यायला लावण्याआधी आठवडाभर ते स्वतःहून काय करतं, हे वहीत टिपून ठेवावं. खोक्यात शिरतं? टेबलावरचं पेन ढकलतं? पडद्यावर चढतं? त्यातलं जे घराला परवडेल ते घ्यावं.

आता मोठ्या पडद्याकडे. ‘हम आपके हैं कौन’ हा १९९४ चा चित्रपट. त्यातला टफी क्रिकेटचा पंच होता, चिठ्ठी योग्य हाती पोचवून कथेची गाठ सोडवणाराही तोच. २००३ मध्ये हच मोबाइलच्या जाहिरातीत एक छोटा पग मुलाच्या मागे मागे चालला आणि देशभर पग घेण्याची लाट आली. चपट्या नाकाच्या या जातीला श्वास घेणं मुळातच कठीण जातं, उकाड्यात अधिकच. जाहिरात काही सेकंदांची होती, कुत्रं बारा-पंधरा वर्षांसाठी घरात आलं होतं. ‘७७७ चार्ली’ या २०२२ च्या कन्नड चित्रपटातल्या लॅब्रॅडॉरने प्रेक्षकांना रडवलं. या चित्रपटाला उत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फ्रेंच ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’मधल्या मेसी या बॉर्डर कोलीने विषबाधा झालेल्या कुत्र्याचा अभिनय असा केला की २०२३ मध्ये कानच्या महोत्सवात त्याला श्वानांसाठीचा ‘पाम डॉग’ मिळाला. जीभ बाहेर टाकून, अंग सैल सोडून निपचित पडण्याचा तो प्रसंग भरपूर तालमीचा होता. गुंगीचं औषध नव्हतं.

सेटवर जाणाऱ्या कुत्र्याला सत्तर युक्त्या यायला लागत नाहीत. दाखवलेल्या जागी जाऊन थांबणं, तिथेच बसून राहणं, मालक कॅमेऱ्याच्या बाजूला उभा असेल तिकडे पाहणं आणि अनोळखी माणसांनी हात लावला तर शांत राहणं, एवढ्यावर बरंच काम निघतं. जागेवर जाण्याची सवय घरच्या बस्करावर लावता येते. आधी मोठं बस्कर, मग त्याची घडी, मग रुमाल, शेवटी जमिनीवर चिकटपट्टीची खूण. क्लॅपच्या आवाजाची ओळख आधीच करून द्यावी. दोन लाकडी पट्ट्या लांबून हळू वाजवायच्या, दर वेळी पनीर, मग दिवसागणिक थोडं जवळ. कुत्र्याला माणसाच्या दुपटीहून अधिक वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात. दिव्यांची जी बारीक शीळ कॅमेरामनला ऐकूच येत नाही, ती त्याला असह्य होत असू शकते. गर्दी, छत्र्या, चाकांच्या ट्रॉल्या यांची भीती घालवण्याचा सोपा काळ म्हणजे पिल्लूपणीचा, तीन ते चौदा आठवड्यांचा. तो गेला म्हणून दारं बंद होत नाहीत, पण चढ वाढतो. आणि काही कुत्री स्वभावानेच लाजाळू असतात. त्यांना घरीच राहू द्यावं. त्यात कमीपणा नाही. सगळ्याच गोड गळ्याच्या मुली काही स्पर्धेत गात नाहीत.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, टाळता येत नाही. प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा १९६० चा कायदा आणि खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीचे २००१ चे नियम यांच्या कक्षेत चित्रपटातले प्राणीही येतात. प्राणी वापरायचा असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाला आधी कळवावं लागतं : प्राणी कोणता, वय काय, त्याच्याकडून काय आणि किती वेळ करून घेणार, पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला. मंडळाचं ना-हरकत पत्र नसेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र अडतं. हे मंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं, नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा. कार्यालय आता हरियाणात फरिदाबादजवळ बल्लभगडला आहे. अर्ज निर्माता करतो, पण पालकाने त्याची प्रत मागून घ्यावी आणि त्यात लिहिलेलं काम वाचावं. ‘कुत्रा दारातून आत येतो’ असं लिहून सेटवर त्याला पाण्यात उतरवायचं ठरलं, तर नकार द्यायला तोच कागद उपयोगी पडतो. नियम गुंगीची औषधं देऊ देत नाहीत, आगीजवळ नेऊ देत नाहीत. प्राण्याच्या नैसर्गिक प्रवृत्तीला धरूनच काम घ्यावं, असं सांगतात. महापालिकेचा श्वान परवाना आणि रेबीजच्या लसीचा दाखला पिशवीत असावाच.

पैशाचं बोलणं लाजत करू नये. हॉलिवूडमध्ये ‘विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) मधल्या टोटोला, म्हणजे टेरी नावाच्या कुत्रीला, आठवड्याला १२५ डॉलर मिळत होते. त्याच चित्रीकरणात सैनिकाच्या वेशातल्या एका नटाचा पाय तिच्या पायावर पडला, तिला विश्रांती द्यावी लागली आणि तोवर दुसऱ्या कुत्रीवर भागवलं गेलं. ठरवाठरवीत याचीही कलमं हवीत : दुखापत झाली तर खर्च कुणाचा, सावलीची स्वतंत्र जागा आहे का, पट्टा कुणाच्या हाती राहणार, एका दृश्याचे जास्तीत जास्त किती टेक आणि ‘आता बस’ म्हणण्याचा अधिकार कुणाचा. शेवटचा अधिकार पालकाचा नसेल तर काम घेऊ नये. दिग्दर्शकाचा प्रकाश जात असतो, निर्मात्याचा पैसा जात असतो. सेटवर मोत्याच्या बाजूने बोलणारं माणूस एकच असतं, आणि तेच दिग्दर्शकासोबत सेल्फी काढत असेल तर प्रश्नच मिटला.

प्रत्यक्ष दिवशी पोट थोडं रिकामं, घरचं पाणी आणि घरचं बस्कर सोबत. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो. म्हणून एप्रिल-मेमधलं बाहेरचं काम सकाळीच उरकावं. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्यावर पंजेही नकोत. पावसाळ्यात गोचीड आणि लेप्टोची भीती, साचलेल्या पाण्यात चालवू नये. गोरेगावच्या चित्रनगरीत काम असेल तर आणखी एक खबरदारी : तिला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान लागून आहे, बिबटे सेटपर्यंत येतात आणि कुत्रं हे त्यांचं आवडतं भक्ष्य. अंधार पडल्यावर मोत्याला ‘जरा फिरून येऊ दे’ म्हणून सोडायचं नाही.

सोसायटीच्या गणपतीतली वेशभूषा स्पर्धा तुलनेने निरुपद्रवी वाटते. फेटा कान दाबत नसेल, मिशांवर काही येत नसेल, गुलाल डोळ्यांपासून दूर असेल आणि ढोल-ताशाचं पथक अजून आलेलं नसेल, तर ती आहेही. फेटा बांधल्यावर कुत्रा जागच्या जागी पुतळ्यासारखा उभा राहिला, तर तो ऐटीत नाही, गोठलेला आहे. काढून टाकावा.

उरला मोबाइलचा पडदा. तिथे सगळ्यात खपणारा प्रकार म्हणजे ‘चोरी पकडल्यावरचा चेहरा’ : फाटलेली उशी, समोर मान खाली घातलेला कुत्रा, मागून मालकाचा दरडावणारा आवाज. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याने खरोखर गुन्हा केला आहे की नाही, याचा त्या चेहऱ्याशी संबंध आढळला नाही. मालक रागावला की तो चेहरा येत होता, निरपराध कुत्र्याच्याही. ती शरम नसते, माणूस चिडल्याची धास्ती असते. हजारो लाइक मिळवणाऱ्या त्या चित्रफितीत अभिनय कुणीच करत नाही. असली रील करू नये, दुसऱ्याने पाठवली तर पुढे ढकलू नये.

आणि काम झाल्यावर? लॅसी म्हणून जगभर गाजलेला पाल हा कोली मुळात मोटरसायकलींमागे धावण्याची खोड जाईना म्हणून मालकाने प्रशिक्षक रड वेदरवॅक्स यांच्याकडेच सोडून दिलेला नर होता, लॅसी म्हणून पडद्यावर मात्र तो मादी होऊन वावरला. त्याला स्वतःला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मोत्यालाही आपण जाहिरातीत आलो, याचा पत्ता नसतो. त्याला घरी न्यावं, नेहमीच्या कोपऱ्यात नेहमीचं खाणं द्यावं आणि झोपू द्यावं. मोठं कुत्रंसुद्धा दिवसाचे बारा-चौदा तास सहज झोपतं. दुसऱ्या दिवशी पूर्ण सुट्टी. जाहिरात पाहून काका-मावशी पेढे घेऊन आले तरी शेकहँड नाही, आणि पेढाही नाही.